येथे व्यत्यय

खीर उरली. माणसं कमी आली म्हणून उरली की तांदूळच जास्त पडला म्हणून, यावर वनिता आणि अंजली या दोघी बहिणींची स्वयंपाकघरात थोडी चर्चा झाली. दोघीही प्राध्यापक असल्यामुळं, या विषयावर अधिक अभ्यासाची गरज आहे, इथपर्यंत येऊन ती थांबली.

त्यांच्या आईला, भिमाबाईला जाऊन वर्ष झालं होतं. सकाळी बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया ओळीनं बसल्या, मेणबत्त्या लागल्या. फोटोतली भिमाबाई नेहमीसारखीच, फोटो काढणाऱ्याला 'जेवून जा' म्हणायच्या बेतात होती. दुपारच्या गाडीनं पाहुणे बीडकडं पांगले आणि नेकनूरच्या त्या घरात घरचेच तेवढे उरले. घरचे म्हणजे वर्षाकाठी भेटणारे.

अंगणात लिंबाच्या सावलीला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मधोमध स्टुलावर, जिथं एरवी चहाचं ताट असतं, तिथं एक दगड होता. नारळाएवढा, पण चपटा. काळपट तपकिरी. वरच्या अंगाला आडव्या रेघा उठलेल्या, पत्र्याच्या पन्हाळीसारख्या, आणि मधे घासून घासून गुळगुळीत झालेला. भिमाबाईनं हयातभर त्यावर टाचा घासल्या होत्या. गेल्या साली तिच्या जलदान विधीला आलेली नात, वनिताची योगिता, पाय धुवायला न्हाणीत गेली आणि आतून अशी काही किंचाळली की नवनाथमामा काठी घेऊन धावला. साप नव्हता. हत्तीचा दात होता.

"दाढ," कुणी दात म्हटलं की योगिता अजून दुरुस्त करायची. हजारो वर्षांपूर्वी मराठवाड्यात हिंडणाऱ्या, आता नावालाही न उरलेल्या हत्तीची, दगड झालेली दाढ. योगिता जीवाश्मांचं शिकत होती. म्हणजे घराण्यात आणखी एक पीएच.डी. होऊ घातली होती.

आधीच्या तीन होत्याच. थोरल्या वनितानं आंबेडकरी जलशांवर संशोधन केलं, मधल्या नवनाथनं गावोगावच्या तंबूतल्या सिनेमावर, धाकट्या अंजलीनं रात्रशाळांवर. नाटक, सिनेमा, शिक्षण. एका एसटी कंडक्टरच्या घरानं महाराष्ट्राला तीन संशोधक दिले. महाराष्ट्राकडून अजून पोच आलेली नाही. तिघांच्याही प्रबंधांचा मुख्य साक्षीदार एकच होता, त्यांचा बाप जालिंदर. तो आत्ता बाजेवर मांडी घालून, जेवणानंतरची सुपारी कातरत बसला होता.

"अण्णा," वनिता खुर्ची पुढं ओढत म्हणाली, "आज नीट आठवून सांगा. हा दगड कुठं सापडला?"

"कपिलधारला," जालिंदर म्हणाला. "धबधब्याच्या खालच्या अंगाला."

"तिथं जाऊन आलात तुम्ही आणि योगिता. काही निघालं नाही."

"मंग धर्मापुरीला आसंल. देवळाच्या मागल्या ओढ्यात."

"तिथंही जाऊन आलात."

"गेलतो की." जालिंदर खुलला. "लई झकास झालतं. ह्या पोरीनं मला देवळाच्या भिंतीवरलं नक्षीकाम दावलं. त्या रूटला किती वर्सं काढली, पर कदी खाली उतरून बगितलं न्हवतं. कंडक्टरला उतरायला येत न्हाई."

"अण्णा, ही सहल नाही. हिचं करिअर आहे."

करिअर हा शब्द अंगणात नीट बसला नाही. लिंबावरचा कावळा उडून गेला. पण वनिताचं म्हणणं खरं होतं. दाढेला जागा लागते. योगिताच्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं होतं की, जागा माहीत नसलेली दाढ म्हणजे टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवायचं वजन. येत्या सोमवारी जागा कळवली, तर मांजरेच्या खोऱ्यावर काम करायची तिला परवानगी मिळणार होती. पुढची चार वर्षं ती इथंच, बीड-नेकनूर करत राहिली असती. नाहीतर तिला कच्छला जावं लागणार होतं, दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रकल्पावर.

"कच्छात काय हाय?" जालिंदरनं विचारलं.

"देवमाशांची हाडं, आजोबा. वाळवंटात."

"वाळवंटात देवमासा." त्यानं सुपारी तोंडात टाकली. "आन खोटारडा मी."

खोटारडा असं अजून कुणी म्हटलं नव्हतं. तो शब्द त्यानं स्वतःच काढला, हे वनिताच्या लक्षात आलं. आणि योगिताच्याही. योगितानं पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि तीन पुस्तकं काढून दगडाशेजारी ठेवली. जलशावरचं, सिनेमावरचं, रात्रशाळांवरचं.

"मी तिन्ही वाचली," ती म्हणाली.

तिची आई, मामा आणि मावशी पुस्तकांकडं बघायला लागले. तिघांनी एकमेकांना आपापलं पुस्तक सप्रेम भेट दिलं होतं. तिघांच्या दिवाणखान्यात ती काचेच्या कपाटात अगदी दर्शनी होती, त्यामुळं ती बाहेर काढायचा प्रसंग कधी आला नव्हता. तिन्ही वाचलेलं माणूस या घरात प्रथमच निपजत होतं.

"कशाला?" नवनाथनं विचारलं. खुशीनं नाही.

"आजोबांच्या मुलाखती आहेत ना त्यांत. म्हटलं, दगडाचा कुठं उल्लेख सापडतोय का बघावं." योगितानं जलशावरचं पुस्तक उघडलं. "दगडाचा नाही सापडला. पण आई, दुष्काळाच्या सालातली कपिलधारच्या यात्रेची रात्र. तू लिहिलंयस की त्या रात्री आजोबा नेकनूरच्या चौकात जलशात उभे होते. खडीच्या कामावरच्या मजुरीवर त्यांनी गाणं म्हटलं."

"पहिलं प्रकरण," वनिता म्हणाली. ते प्रकरण तिचं लाडकं होतं. लहानपणी बाप म्हणजे रात्री दारात टेकवलेली कातडी पिशवी आणि बाजेवरचं घोरणं. गाणारा बाप तिनं कधी पाहिलाच नव्हता. तो तिला पुस्तकात सापडला होता.

"मामा, तुमच्या पुस्तकात त्याच रात्री आजोबा बीडच्या तंबूत आहेत. मशीनवाला पिऊन पडला म्हणून त्यांनी रीळ हातानं फिरवलं."

"शेवटपर्यंत," नवनाथ अस्पष्ट म्हणाला.

"आणि मावशी, तुझ्या पुस्तकात..."

"कंदील," अंजली म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले. "रात्रशाळेत कंदील धरून बसले होते. मजुरांना सही शिकवत होते. कंदिलावर मी सगळी प्रस्तावना लिहिलीय."

लिंबाची बारीक पानं दगडावर पडत होती. एकच जालिंदर एकाच रात्री चौकात गात होता, तंबूत रीळ फिरवत होता आणि शाळेत कंदील धरत होता. हे सगळं तळटिपांसकट छापलेलं होतं आणि तीन विद्यापीठांनी तपासून मान्य केलं होतं.

"अण्णा," वनितानं शेवटी विचारलं, "हे काय आहे?"

"काय आसनार? ताई, तू आली जलशाचं विचारत. हा आला शिनेमाचं विचारत. ही शाळंचं. कंडक्टरचं काम काय आसतंय? ज्याला जिथं जायाचंय तिथलं तिकीट फाडून द्यायाचं."

"म्हणजे तुम्ही जलशात नव्हताच?"

"व्हतो की. तंबूत बी जायाचो. शाळंत बी. समदं केलंय मी, पर त्या राती न्हवं."

"मग त्या रात्री खरं काय केलं?"

"झोपलो व्हतो." जालिंदरनं अडकित्ता मिटला. "तवा यस्टीत लागलो न्हवतो. दिसभर खडी फोडल्यावर मानूस काय करतो, वनिता? झोपतो. पर ते कोन छापतंय?"

*

नवनाथनं अंजलीला मागल्या दारी गाठलं. ती उरलेली खीर शेजाऱ्यांच्या डब्यात भरत होती. सकाळपासून हे दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. त्याचं कारण मागच्या दिवाळीत होतं आणि दोघांनाही ते आता नीट आठवत नव्हतं.

"हे बाहेर जाता कामा नये," नवनाथ म्हणाला.

"योगिता सांगणार नाही कुणाला."

"योगिताचं नाही म्हणत मी. ताईचं म्हणतोय. तिला उद्या प्रामाणिकपणाचा झटका आला आणि तिनं शुद्धिपत्रक काढलं, तर आपण दोघं मेलो. माझी बढती अडकलीय."

"माझंपण पुस्तक अभ्यासक्रमात लागलंय."

एवढ्यावर अबोला संपला. नवनाथ पालथ्या बादलीवर बसला आणि त्याला, संकटात सापडलेल्या प्राध्यापकाला सुचतो तो उपाय सुचला.

"आपण यावरच शोधनिबंध लिहू. तिघं मिळून. एकाच साक्षीदाराच्या आठवणी विचारणाऱ्याप्रमाणं कशा बदलतात. लई मोठा विषय आहे, अंजे. परदेशात घेतील."

अंजलीचा पळी धरलेला हात थांबला. "म्हणजे अण्णा खोटं बोलले नाहीत."

"अण्णा बहुविध बोलले."

"ताईला घ्यायचं?"

"घ्यावंच लागेल. पण पहिलं नाव माझं. विषय माझा आहे."

"कसा काय? मुलाखत सगळ्यात आधी मी घेतली होती."

"तुझी मोबाइलवर होती. तिला मुलाखत म्हणत नाहीत."

खिडकीशी उभी असलेली वनिता हे ऐकत होती. ऐकायचं म्हणून नाही. न्हाणी त्याच बाजूला होती आणि ती तोंडावर पाणी मारायला आली होती. न्हाणीच्या कोपऱ्यात ओलसर जागेवर दगडाचा गोल उठलेला होता. वर्षभरात तिथं शेवाळही धरलं नव्हतं. आई गेल्यावरसुद्धा अण्णा रोज तो दगड उचलून, धुऊन परत पालथा ठेवत असणार, हे तिला कळलं, आणि तिचा राग निसटायला लागला. तिनं तो घट्ट धरला. राग असला की माणसाला जाता येतं.

"पहिलं नाव माझं," ती खिडकीतून म्हणाली. "मी थोरली आहे."

दोघं दचकले. मग तिघंही थोडं हसले. भावंडं एकत्र हसलेली गेल्या बऱ्याच वर्षांत कुणी ऐकली नव्हती. बाजेवर बसलेल्या जालिंदरनं ते हसू ऐकलं. त्याला वाटलं, आता बोलावतील. पण आत नावांचा क्रम चालू होता.

*

योगिता आजोबांजवळ बाजेच्या कडेला टेकली.

"आलाय राग?" तिनं विचारलं.

"मला? न्हाई. त्यांना आलाय."

"मला नाही आला."

"तुला कावून न्हाई आला? तुला तर म्या उन्हातान्हात हिंडिवलं."

योगिता उत्तर देणार तेवढ्यात वनिता पदराला तोंड पुसत बाहेर आली. तिच्या मागं नवनाथ आणि अंजली. निबंधाचं ठरल्यामुळं तिघं एका बाजूला झाले होते आणि आता त्यांना दुसऱ्या बाजूला कुणीतरी हवं होतं.

"आमचं जाऊ द्या, अण्णा," वनिता म्हणाली. "आमचं छापून झालं. पण हिला तीनदा नेलंत. कपिलधार, धर्मापुरी, मग त्या खालच्या ओढ्याला. पोरगी प्रवास करून यायची. तिला खोट्या जागा दाखवताना काहीच वाटलं नाही?"

जालिंदरनं अडकित्ता पुन्हा उघडला. या प्रश्नाचं तिकीट त्याच्याकडं नव्हतं.

"आई," योगिता म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"कपिलधार म्हणजे सगळा काळा पाषाण. तो लाव्ह्याचा असतो. तापलेला रस थिजून झालेला खडक, आणि तो या हत्तीच्या कितीतरी आधीचा. त्यात ही दाढ मिळणं शक्य नाही. ही नदीच्या गाळातली आहे. पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं हे. धर्मापुरीच्या ओढ्यातही गाळाचा तसा थर नाही. मी नकाशा बघूनच निघाले होते."

"मग गेलीस कशाला? तीन तीनदा?"

योगितानं अंगठ्यानं बाजेची पट्टी खरवडली. तिला शहरात एक खोली होती, खोलीत एक खिडकी होती आणि खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. प्रयोगशाळेत ती दिवसभर हाडांशी असायची. आठवड्यात तिला नावानं हाक मारणारं माणूस म्हणजे फोनवरची आई, आणि आई फोनवर प्रगतीचा अहवाल मागायची. यातलं काही तिनं सांगितलं नाही.

"आजोबा धपाटे छान बांधून आणायचे," ती म्हणाली.

अंजली नवनाथकडं बघायला लागली, नवनाथ गेटकडं. धपाट्यांवर शोधनिबंध होत नाही.

जालिंदरनं मान वर केली. "तुला ठावं व्हतं?"

"हो."

"आन तरी त्या वड्यात बसून दिसभर दगडं फोडलीस?"

"तुम्ही गोष्टी सांगत होतात ना."

म्हातारा तिच्याकडं सरकला. मग खालच्या आवाजात, बसमधल्या एकाच माणसाला थांबा सांगावा तसा, म्हणाला, "मी खोट्या जागा न्हाई दावल्या, पोरी. अंदाजानं दावल्या. धर्मापुरी तुज्या आजीचं माहेर. कपिलधारच्या वाटंला ती दुष्काळात खडी फोडाया जायाची. खालच्या वड्याला धुनं न्यायाची. म्हनलं, ह्यातल्या कंच्या तरी ठिकानी गावला आसंल. दगुड तिनं आनला. म्या न्हाई."

"आईनं?" अंजली म्हणाली.

"एक दिस कामावरनं आली, कमरंला पाटीत दगुड. म्या म्हनलं, दगडाचा मुलूख आपला, आन तू आनिक घरी आनती? ती हासली. मंग न्हाणीत ठिवला." जालिंदरनं दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. "कुठं गावला ते इचारायचं ऱ्हाऊन गेलं."

"एवढ्या वर्षांत?"

"रोजच व्हती की ती. रोज आसनाऱ्या मानसाला कोन इचारतंय."

अंगणात तीन मुलाखतकार उभे होते. प्रत्येकाला वाटलं, दुसरा काही बोलेल.

*

"अजून एक आहे," योगिता म्हणाली. तिला हे नंतर, आईला एकटीला गाठून सांगायचं होतं. पण आता मोकळं करून टाकावं असं तिला वाटलं. "तिन्ही पुस्तकांच्या मागं मुलाखती जशाच्या तशा छापल्यात. त्या तिन्हींत मधेच कंस करून दोन शब्द आहेत. येथे व्यत्यय."

"असतात," नवनाथ म्हणाला. "कुणी मधे बोललं, भांडं पडलं, की लिहितात तसं. पद्धत आहे."

"तो व्यत्यय कोण होतं, ते मला ऐकायचं होतं. मामा, तुमची हार्ड डिस्क गेली म्हणालात. मावशीचा मोबाइल चोरीला गेला. आईकडं होतं. आईनं मला सगळी फाइल पाठवली होती. मी बसमध्ये ऐकली."

तिनं फोन दगडाशेजारी, पुस्तकांवर ठेवला आणि सुरू केला.

आधी खरखर आली. मग जालिंदरचा आवाज, आठ वर्षांनी तरणा, फुशारक्या मारणारा. चौकात गर्दी किती होती, गाण्याला वन्समोअर किती मिळाले. मधेच वनिताचं 'बरं, मग?' आणि लांबून भांड्यांचा आवाज. मग दाराजवळून बाईचा आवाज आला, आणि अंगणातल्या बाकी चौघांनीही एकाच वेळी फोटोच्या दिशेनं पाहिलं.

"त्याच वक्ताला मला ह्यो टाचंचा दगुड गावला, वनू. तळ्याच्या कामावर. लई मज्जा झालती. सांगू का? आमी खालच्या अंगाला माती उपसत व्हतो, तिथं..."

"आगं तू थांब जरा," फोनमधला जालिंदर म्हणाला. "हितं जलशाचं चाललंय. रेकॉर्ड चालू हाय ते."

"माय, चहा ठेव ना तोवर," फोनमधली वनिता म्हणाली.

"ठिवते की." पावलं. भांडं. मग जालिंदर पुन्हा चौकात जाऊन उभा राहिला.

योगितानं फोन बंद केला.

वनिता उभीच होती. हे तिनं स्वतः ऐकून, थांबवून थांबवून, एकेक शब्द कागदावर उतरवला होता. या ठिकाणी पोचल्यावर तिनं कंस केला होता आणि पुढं गेली होती. तो कंस केल्याचं तिला आठवत होतं. बाहेर पाऊस नव्हता, डोकं दुखत नव्हतं, घाई नव्हती. तसं करायला काहीच कारण नव्हतं.

"तळ्याचं काम," नवनाथ घसा खाकरून म्हणाला. "म्हणजे थोडं तरी कळलं की. तळ्याच्या जागेवर शोधता येईल."

"कोणत्या तळ्याच्या, मामा? त्या साली जिल्हाभर तळीच खोदत होते. गाव नाही, शिवार नाही. सर एवढ्यावर मानणार नाहीत."

"अण्णा, ती कोणत्या तळ्यावर होती?"

"ते बदलायचं," जालिंदर म्हणाला. "जिथं काम निगंल तिथं न्यायाचे बायांना. ट्रकात घालून. म्या दुसऱ्या कामावर आसायचो." त्यानं दगडाकडं बघितलं. "तीच सांगत व्हती की."

*

संध्याकाळच्या गाडीला माणसं काढायची म्हणजे घरात एक हलकी गडबड लागते, आणि तिचा मोठा आधार असतो. चार्जर सापडत नव्हता. खिरीचे डबे कुणी न्यायचे यावर आग्रह झाला. मग शिरस्त्याप्रमाणं 'चला की आमच्याकडं' झालं. वनिता म्हणाली, अण्णा, चला की. नवनाथ म्हणाला, चला की, महिनाभर राहा. अंजली म्हणाली, माझ्याकडं तर लिफ्ट आहे. जालिंदर तिघांना म्हणाला, येतो की, दिवाळीला. तो येणार नाही हे तिघांना माहीत होतं, आणि त्यांना ते माहीत आहे हे त्याला. एवढ्या समजूतदारपणानं चाललेलं घर तालुक्यात दुसरं नव्हतं.

निबंधाचा विषय मात्र कुणी काढला नाही. नावांचा क्रमही तसाच राहिला.

योगितानं दगड उचलला. दोन्ही हातांनी धरून ती आजोबांपुढं उभी राहिली.

"घिऊन जा तू," जालिंदर म्हणाला. "तुज्या संस्थेत ठिव. काचंच्या पेटीत."

"नाही घेणार ते. जागा नाही ना हिला."

"मंग?"

"इथंच राहू दे."

ती न्हाणीत गेली आणि ओल्या गोलावर तिनं दगड पालथा ठेवला. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं तोंड धुतल्याचं सांगितलं.

जालिंदर थांब्यापर्यंत गेला. गाडी आली तशी त्यानं सवयीनं दाराला हात लावून, 'चला, आत सरका,' म्हटलं. नवा कंडक्टर त्याच्याकडं बघायला लागला. योगिताला खिडकी मिळाली. ती काचेवर वाकली.

"आजोबा, कच्छहून आले की आपण चौथ्या जागी जाऊ."

"चौथी कंची?"

"तुम्ही शोधून ठेवा."

"कच्छाला किती दिस?"

तिला उत्तर माहीत होतं. गाडी हलली, म्हणून ते द्यावं लागलं नाही.

घरी आल्यावर त्यानं खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात लावल्या. उजेड अजून होता. वनितानं जाताना त्याच्या फोनवर ते रेकॉर्डिंग घालून दिलं होतं, सगळं नाही, भिमाबाईचं तेवढंच; आणि कुठं दाबायचं ते दोनदा दाखवलं होतं. दाखवताना ती त्याच्याकडं बघत नव्हती.

जालिंदर न्हाणीत जाऊन भिमाबाईच्या पाटावर बसला. त्यानं दगड सुलटा केला, त्यावर पाणी ओतलं आणि टाच टेकवली. एवढ्या वर्षांत त्यानं ती कधी टेकवली नव्हती. रेघा पायाला चावल्या. मग त्यानं फोन समोरच्या कट्ट्यावर उभा केला आणि वनितानं दाखवलं होतं तिथं दाबलं.

"तळ्याच्या कामावर. लई मज्जा झालती. सांगू का?"

"सांग," जालिंदर म्हणाला.

"आगं तू थांब जरा," फोनमधला जालिंदर म्हणाला.

त्यानं पुन्हा दाबलं. या खेपेला तो तिच्या आधीच बोलला.

"सांग की. कोन न्हाई हितं."

"आमी खालच्या अंगाला माती उपसत व्हतो, तिथं..."

"आगं तू थांब जरा."

बाहेर कुणाच्या तरी शेळ्या घरी येत होत्या. जालिंदरनं बोट वाळवायला धोतराला पुसलं. ओल्या बोटानं ते दाबलं जात नव्हतं.